स्मार्ट मीटर, बेवारस डीपी

भंडारा जिल्ह्याच्या पश्चिमेला मौद्यात एनटीपीसीचे २,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि ईशान्येला तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचे खासगी केंद्र. मौद्याला पाणी जाते ते गोसीखुर्द धरणाच्या जलाशयातून, आणि ते धरण पवनी तालुक्यात आहे. विजेच्या दोन कारखान्यांमध्ये वसलेल्या या जिल्ह्यात उन्हाळी धान लावणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न मात्र असा असतो, की या आठवड्यात लाईन दिवसाची की रात्रीची? शेतीच्या वाहिन्यांवर थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते. रात्रपाळी आली की नागझिरा आणि कोक्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत ओलितासाठी बांधावर गेल्यास रानडुकरापासून वाघापर्यंत कुणाशीही गाठ पडू शकते. विजेचे उत्पादन हा या अडचणीचा लहान भाग आहे. वीज मनोऱ्यांवरून येते, उपकेंद्रात तिचा दाब उतरवला जातो, तिथून ११ केव्हीच्या वाहिनीने ती गावच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे डीपीपर्यंत, पोचते आणि डीपीतून घरांत नि पंपांत शिरते. उन्हाळी धानाच्या दिवसांत एकाच डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू झाले की दाब पडतो, मोटारी जळतात, शेवटी डीपीच जळते. मग वर्गणी, खेटे आणि वाट पाहणे. म्हणून ‘स्मार्ट ग्रिड’ हा शब्द भंडाऱ्यात कुणी उच्चारला तर त्याला विचारायचा प्रश्न एकच आहे: त्यातून डीपीचे काय होणार?

सरकारच्या दोन मोठ्या योजना सध्या एकाच गावात, एकमेकींकडे न पाहता शिरत आहेत. एक विजेच्या मीटरची, दुसरी फायबरची. फायबर वरून निघाले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबले. तिथून घरापर्यंतचे काम मागे पडले. मीटरचे उलटे झाले. ते थेट घराच्या भिंतीवर आले, आणि घर ते उपकेंद्र या मधल्या अंतराची खबर घेणे मागे राहिले. दोन्ही योजनांचा पैसा टोकांवर खर्च होतो आहे, आणि ज्या मधल्या पट्ट्यात बिघाड होतात, गळती होते, तारा तुटतात, त्या पट्ट्याला धनी नाही. या योजना चुकीच्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांचा क्रम चुकला आहे आणि जबाबदारी कुणाची हे ठरलेले नाही, एवढेच म्हणणे आहे; पण तेवढ्याने योजनेचा बराचसा लाभ गळून जातो.

आधी फायबरचे पाहू. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये घेतला. २०१५ मध्ये त्या कामाला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ मध्ये जोडल्या गेल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याच्या महाआयटीने ‘महानेट’ या नावाने हाती घेतले. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती आणि दर पाच माणसांतली चार खेड्यात राहत होती. अशा जिल्ह्याला या योजनेची गरज पटवून द्यावी लागत नाही. धान विकायचा तर खरेदी केंद्रावर ऑनलाइन नोंदणी लागते, त्याआधी ई-पीक पाहणी लागते, रेशनच्या दुकानात अंगठा लागतो, दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्र लागते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य खेड्यात आता रोजचे झाले आहे, आणि पुष्कळदा दोष सर्व्हरचा नसून तालुक्यापासून गावापर्यंतच्या तारेचा असतो.

ती तार का बंद पडते, याचे कारण तिच्या आखणीतच होते. जुन्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणाहून एक सरळ रेघ निघे आणि गावागावांना जोडत पुढे जाई. लाखांदूरच्या वाटेवर कुठे जेसीबीने रस्त्याची कड खोदली, की त्या पलीकडची सगळी गावे अंधारात. शिवाय पंचायतीतल्या यंत्राला वीज लागते, आणि वीज गेली की इंटरनेटही जाते. सरकारनेही हे ओळखले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात सरळ रेघेऐवजी वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश फिरून येतो. देखभालीची दहा वर्षांची जबाबदारी कंत्राटातच घातली आहे. आणि खेड्यांतल्या दीड कोटी घरांना जोडणी देण्याचे उद्दिष्ट आहे. बारा वर्षांनी का होईना, तार घालणे आणि तार चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत हे कागदावर आले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या सातनवरीला ऑगस्ट २०२५ मध्ये ‘स्मार्ट इंटेलिजंट’ गाव म्हणून पुढे आणण्यात आले. नमुन्याच्या गावाला माझा आक्षेप नाही, पण नमुन्याच्या गावात तार तुटली तर दुरुस्तीला जीप धावते. बिगर-नमुन्याच्या गावात कोण धावणार, हे योजनेत लिहिलेले असावे लागते.

मीटरकडे वळू. जून २०२१ मध्ये केंद्राने वीज वितरणाच्या सुधारणेसाठी ३,०३,७५८ कोटींची योजना मंजूर केली. मार्च २०२५ पर्यंत देशात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचे आणि वितरणातली गळती १२ ते १५ टक्क्यांवर आणायची, असे तिचे लक्ष्य होते. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. भंडारा हा महावितरणच्या गोंदिया परिमंडळात येतो. नागपूर, चंद्रपूर आणि गोंदिया या तीन परिमंडळांचे मिळून सुमारे ३० लाख मीटर एकाच कंपनीकडे गेले. एका मीटरमागे, पुढच्या अनेक वर्षांच्या सेवेसह, खर्च सरासरी बारा हजारांच्या आसपास येतो. केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेली रक्कम ‘कमी झालेल्या गळतीतून’ भरून निघेल असे गृहीत आहे. लोकांनी हा हिशेब लवकर केला. २०२४ मध्ये विदर्भात मोर्चे निघाले, ‘मोबाइलसारखे रिचार्ज संपले की घरात अंधार’ ही भीती पसरली, आणि त्या जूनमध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर करावे लागले. पुढे तीच यंत्रे ‘टीओडी मीटर’ या नावाने, नेहमीसारखे महिन्याचे बिल ठेवून, बसू लागली. नाव बदलून माल तोच, अशी शंका लोकांच्या मनात राहिली, आणि ती राहू देण्यात महावितरणचाही हात आहे. प्रीपेड मीटर स्वीकारणाऱ्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, हे २००३ च्या वीज कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कायद्याने प्रीपेडकडे ग्राहकाची एक सोय म्हणून पाहिले होते. ती सक्तीच्या रूपात आली, तिथे सगळे बिघडले.

टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला घरगुती ग्राहकांना युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत महावितरणने जाहीर केली. दिवसा सौर वीज स्वस्त आणि मुबलक असते, म्हणून ही सवलत. तर्क बरोबर आहे. पण साकोली किंवा मोहाडीच्या खेड्यातल्या एखाद्या घराचा महिन्याचा वापर ९० युनिट धरा आणि त्यातला तिसरा हिस्सा दिवसा होतो असे माना. बचत महिन्याला २४ ते ३० रुपये, वर्षाला जास्तीत जास्त ३६० रुपये. बाहेर शेतावर राबणाऱ्या कुटुंबाचा वापर संध्याकाळी एकवटतो, त्यामुळे प्रत्यक्षात तीही मिळेलच असे नाही. एवढ्यासाठी बारा हजारांचे यंत्र हे गणित ग्राहकाच्या बाजूने जुळत नाही. जुळायचे तर ते वितरण कंपनीच्या बाजूने, गळती कमी होऊनच जुळले पाहिजे. आणि तिथेच क्रमाचा प्रश्न येतो.

कारण घरातल्या मीटरला फक्त त्याच्यातून गेलेली वीज दिसते. तारेवर चोरीचा आकडा पडतो तो मीटरच्या अलीकडे. जुनाट तारांत जी वीज उष्णता होऊन जाते तीही मीटरच्या अलीकडेच जाते. एका फेजवर साठ घरे आणि दुसऱ्या फेजवर वीस, असा असमान भार डीपीवर पडला तर तेल तापते आणि गुंडाळी जळते. घरातल्या मीटरला त्याचा पत्ता नसतो. हे सारे जिथे दिसते ती जागा म्हणजे डीपी. तिच्यावर दर अर्ध्या तासाला भार, दाब आणि तापमान नोंदवणारे एक यंत्र असले तर जळण्याच्या कितीतरी आधी ती ‘झेपत नाही’ असे सांगू शकते. स्मार्ट ग्रिड म्हणजे शेवटी हेच: कुठून किती वीज जाते आहे हे तारांनी स्वतः सांगावे आणि बिघाड दुरून कळावा. शेकडो ग्राहकांच्या भिंतींआधी त्यांच्या एका डीपीला बोलते केले असते, तर पहिला लाभ लोकांना झाला असता आणि विरोधाची धारही बोथट झाली असती.

डीपीआधी भिंत का निवडली गेली, याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांचा मोठा हिस्सा मीटरविना, अश्वशक्तीवर आकारणी होणारा. मीटर नाही म्हणजे वापर अंदाजाने धरायचा. हा अंदाज फुगवून त्याखाली गळती आणि चोरी लपवली जाते, असा आक्षेप ग्राहक संघटनांनी राज्य वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे मांडला, आणि मार्च २०२० च्या आदेशात आयोगाने शेतीची वीजविक्री महावितरणच्या दाव्यापेक्षा कमी धरली. शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज टाकली जात होती, हे त्यातून पुढे आले. डीपीवर मोजले तर हे झाकता येत नाही. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकार मोफत वीज देते, म्हणजे बिल शेतकऱ्याऐवजी तिजोरी भरते. तेव्हा किती वीज गेली हे नेमके मोजण्याची गरज वाढली आहे. केंद्राच्या योजनेत शेतीपंप प्रीपेडमधून वगळले आहेत. ते ठीकच. पण मग शेतीच्या वाहिनीवर आणि डीपीवर मोजमाप सगळ्यात आधी यायला हवे होते. मोजमापाला फार मोठे तंत्र लागते असेही नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने २००७ पासून घरांत लहानसे यंत्र लावून मिनिटामिनिटाचा विजेचा दाब नोंदवला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. वीज ‘येते’ आणि वीज ‘वापरता येईल अशी येते’ यांतला फरक त्या नोंदींतून आकड्यांत दिसला.

योजनेत डीपी आहेतच, असे यावर कुणी म्हणेल. खरे आहे, महावितरणच्या याच कंत्राटांत सुमारे चार लाख रोहित्रे आणि सत्तावीस हजारांवर वाहिन्यांचे मीटर धरले आहेत. पण कागदावर एकत्र असलेली कामे जमिनीवर सुटी होतात. मीटर बसवणाऱ्याला गावातल्या चार गल्ल्या करून पुढे जाणे सोपे, त्याचा दिवसाचा आकडा भरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसत्या डीपीवर मोजून चोरी कळणार कशी? डीपीतून गेलेली वीज आणि तिच्याखालच्या सगळ्या घरांत पोचलेली वीज, यांची वजाबाकी करायची तर घरचे मीटरही त्याच घड्याळाने चालणारे हवेत. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यातूनच कामाचे एकक ठरते. मोजायचे एकक घर किंवा तालुका नसून एक पूर्ण डीपी असावे. डीपीवर आधी यंत्र, मग तिच्याखालचे एकूण एक जोडणीधारक, मग वजाबाकी सुरू, आणि त्यानंतरच शेजारची डीपी. तुमसर तालुक्यात अर्धे आणि पवनीत अर्धे मीटर बसले, तर लाखभर मीटर बसूनही एकही वजाबाकी पूर्ण होत नाही.

मीटर जोरात पळतो, ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुना, मंद झालेला मीटर जाऊन नवा आला की बिल वाढलेले दिसतेच. काही तक्रारी तशा असतील, काही खऱ्या असतील. उपाय नियमात आहे. २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांप्रमाणे वापराबद्दल तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा आणि निदान तीन महिने दोघांची नोंद ताडून पाहायची. प्रत्येक नव्या मीटरसोबत या नियमाचा चार ओळींचा मराठी कागद दिला असता तर कितीतरी गैरसमज दारातच संपले असते. मीटर वाचणाऱ्यांच्या रोजगाराचा प्रश्नही आहे, आणि त्याचे उत्तर खाली येईल.

फायबरचा आणि विजेचा संबंध जोडताना मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे. घरच्या मीटरला फायबर लागत नाही. त्याची अर्ध्या तासाची नोंद इतकी किरकोळ असते की साध्या मोबाइल सिमवरून ती जाते. फायबर लागते ते उपकेंद्राला, मोबाइलच्या मनोऱ्याला, आणि जिथे मनोऱ्याची रेंजच पोचत नाही अशा जंगलकाठच्या गावातल्या एका ठिकाणाला, जिथे भोवतालच्या मीटरांचे संदेश गोळा करून पुढे पाठवता येतील. ते ठिकाण म्हणजे ग्रामपंचायत, आणि तिथवर तार आलेली आहे. केरळने ही सांगड आधीच घातली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या के-फोनमध्ये तिथले वीज मंडळ भागीदार आहे, तारा विजेच्या खांबांवरून जातात आणि जोडणीची केंद्रे वीज उपकेंद्रांतच आहेत. घरोघरी जोडण्या देण्यात केरळही कबूल केल्यापेक्षा मागे पडला, हे सांगायला हवे. पण खोदाईचा खर्च आणि तुटण्याचा धोका दोन्ही त्याने कमी केले. तेलंगणाने पिण्याच्या पाण्याच्या नळवाहिनीच्या चरातच फायबर घातले. आपल्याकडे नळयोजनेसाठी रस्ता फुटतो, मग फायबरसाठी, मग रुंदीकरणासाठी. तिसऱ्या खोदाईत दुसरीची तार तुटते. ‘खोदण्यापूर्वी कळवा’ अशा अर्थाचे एक ॲप केंद्राने मार्च २०२३ मध्ये काढले आहे. गावच्या ठेकेदाराचा जेसीबी चालवणारा ते उघडतो का, हे वाचकांनीच ताडावे.

हे सगळे आज तातडीचे होण्याचे कारण सौर वीज आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीत उपकेंद्रांजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवायच्या आहेत. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाखांचे अनुदान, असा तिचा देकार आहे. रात्रीच्या ओलितावरचा हा आजवरचा सर्वांत खरा उपाय, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण आजवर वीज एकाच दिशेने, वरून खाली वाहत होती. आता ती गावातून वरही चढणार. दुपारी ऊन तापले की दाब वाढणार, ढग आला की एकदम पडणार. घरांच्या छपरांवरची पॅनेल त्यात भर घालणार. आंधळ्या तारांवर हा खेळ चालत नाही. वाहिनी आणि डीपी बोलत्या नसतील तर दिवसाची वीज मिळेल, पण ती मोटार जाळणारीही असू शकेल.

उरतो तो धन्याचा प्रश्न, आणि या जिल्ह्याला तो नवा नाही. भंडारा तलावांचा जिल्हा आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी इथे शेकडो तलाव बांधले. ते मालगुजारांच्या ताब्यात होते आणि पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाण्याची वाटणी गावातच ठरे. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि देखभालीचा गावातला धागा तुटला. ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव गाळाने भरत गेले. मालगुजारी परत यावी असे कुणी म्हणणार नाही. तिच्यात अन्याय होताच. धडा एवढाच: मालकी दूर गेली तरी चालते, पण डागडुजी करणारा हात दूर गेला की बांधकाम कितीही पक्के असो, टिकत नाही. वीज आणि फायबरच्या बाबतीत असा हात उभा करण्याच्या दोन योजना सरकारनेच काढलेल्या आहेत. २०१६ मध्ये राज्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत आयटीआय झालेल्या स्थानिक तरुणाला ‘ग्रामविद्युत व्यवस्थापक’ नेमायचे ठरवले: फ्यूज घालणे, बिघाड पाहणे, मीटर वाचणे ही त्याची कामे. भारतनेटमध्ये ‘उद्यमी’ आहे, जो गावात फायबरच्या जोडण्या देतो, सांभाळतो आणि महसुलात वाटा घेतो. एकाला वीज खाते ओळखते, दुसऱ्याला दूरसंचार खाते. एकट्याच्या कामात दोघांचेही पोट भरत नाही.

ही दोन कामे एका माणसाकडे, किंवा तीन-चार गावे मिळून दोघांकडे दिली, तर मीटर वाचण्यातून मोकळ्या होणाऱ्या हातांनाही तिथे जागा आहे. त्यांच्या मोबदल्याची सोय कंत्राटातच करता येते. स्मार्ट मीटरच्या कंपनीला पैसे एकदम मिळत नाहीत; मीटर चालू राहिला, त्याची नोंद पोचत राहिली, की दरमहा हप्ता मिळतो. त्या हप्त्याचा एक भाग घरच्या मीटरवरून काढून डीपीवर बांधावा. डीपीची वजाबाकी पूर्ण झाली, तिच्या पुरवठ्याचे तास आणि दाब ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लागले, आणि जळालेली डीपी आयोगाने ठरवलेल्या मुदतीत बदलली गेली, तरच तो भाग द्यावा. त्यातून गावातल्या व्यवस्थापकाचा वाटा आधी काढावा. कंपनीचा याला विरोध होईल, कारण डीपी बदलणे तिच्या हातात नाही, महावितरणच्या हातात आहे. तो विरोध रास्त आहे. म्हणून मुदत चुकवल्याची भरपाई महावितरणच्या खात्यातून, आणि मोजमाप चुकल्याची कंपनीच्या हप्त्यातून, अशी वाटणी आधीच लिहून ठेवावी लागेल. ती लिहिण्याची वेळ मीटर बसत असतानाच असते, सगळे बसून झाल्यावर नसते.